परदेशी मिशनवर गेलेली मॉर्मन ज्येष्ठ जोडपी: दिवसभर नेमके काय काम असते? (फिलिपिन्स)

गावकूस

अमेरिकेतल्या युटा राज्यात राहणाऱ्या मराठी घरांना हे ओळखीचे आहे. शेजारचे पासष्टीचे जोडपे एक दिवस गाडी विकते, घराची किल्ली मुलीच्या हाती देते आणि दीड वर्षासाठी फिलिपिन्स, घाना नाहीतर टोंगाला निघून जाते. छातीवर काळी पट्टी, तिच्यावर आडनाव आणि येशू ख्रिस्ताचे नाव. विशीतले, जोडीजोडीने फिरणारे तरुण मिशनरी सगळ्यांना माहीत असतात. या ज्येष्ठांच्या कामाची मात्र बाहेर फारशी कल्पना नसते, आणि ते काम मला फार मोलाचे वाटते.

धाग्यावर व्यवहाराचेच लिहू या: घर कसे लावतात, दिवस कसा जातो, पैसे कोण भरते, कुठे अडते. धर्मतत्त्वांची चर्चा इथे नको. एकच देश धरला तर बोलणे नेमके होईल, म्हणून फिलिपिन्स घेऊ. तिथे या चर्चचे काम १९६१ पासून सलग चालू आहे आणि सदस्य आठ लाखांहून अधिक आहेत.

नावाबद्दल एक खुलासा. संस्थेचे पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे आणि 'मॉर्मन' हे टोपणनाव टाळावे असा आग्रह त्यांच्या नेतृत्वाने २०१८ पासून धरला आहे. शोधणाऱ्याला धागा सापडावा म्हणून शीर्षकात तो शब्द ठेवला आहे.

सुरंगी

चांगला विषय. सुरुवात मुळापासून करते.

चर्चच्या भाषेत 'मिशन' म्हणजे नकाशावर आखलेला एक प्रदेश. त्याचा प्रमुख मिशन अध्यक्ष, आणि त्याची पत्नीही त्याच्या बरोबरीने नेमलेली असते. दोघे तीन वर्षे तिथे राहतात. हाताखाली शंभर-दीडशे किंवा त्याहून जास्त तरुण. एवढ्या तरुणांची घरे, आजारपणे, व्हिसा, भाडी, टपाल, गाड्या हे सगळे सांभाळायला प्रौढ माणसे लागतात. तीच ही जोडपी.

ती पगारी नाहीत. उलट खर्च स्वतः करतात. घरात अवलंबून असलेले मूल नसावे आणि तब्येत कामाला पुरणारी असावी, या मुख्य अटी. मुदत ६, १२, १८ किंवा २३ महिने. तरुणांना ठिकाण निवडता येत नाही. ज्येष्ठांना पसंती कळवता येते, पण शेवटचा निर्णय सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयातून येतो. नवी भाषा शिकण्याची सक्ती नाही. तरुणांना सकाळी साडेसहाला उठण्यापासून रात्री साडेदहाला दिवे मालवण्यापर्यंत वेळापत्रक असते, ते ज्येष्ठांना लागू नाही. दारोदार जाण्याची अपेक्षाही नाही. युटातल्या प्रोव्हो येथील केंद्रात साधारण आठवडाभराचे प्रशिक्षण होते, कचेरीचे काम मिळालेल्यांना त्यावर आणखी काही दिवस.

संबोधन 'एल्डर' आणि 'सिस्टर', पुढे आडनाव. दीड वर्ष पहिल्या नावाने हाक मारणारे दुसरे कोणी नसते, फक्त एकमेकांना.

कामाचे प्रकार बरेच आहेत: मिशनची कचेरी, लहान शाखांना (म्हणजे चर्चच्या छोट्या स्थानिक मंडळ्यांना) मदत, मदतकार्याचे प्रकल्प, शिक्षण, मंदिरातले काम, जुन्या नोंदींचे छायाचित्रण, परिचारिका किंवा डॉक्टर असतील तर वैद्यकीय सल्ला. जोडप्याचा दिवस कसा असेल हे यातले कोणते काम हाती आले यावरच ठरते.

रांजण

कचेरीतल्या कामांमध्ये घरांचे काम सर्वांत कष्टाचे, म्हणून तेवढेच सविस्तर लिहितो.

एका घरात दोन किंवा चार तरुण राहतात. म्हणजे एका मिशनमध्ये पन्नास-साठ भाड्याची घरे सहज होतात, तीही गावोगावी आणि बेटांवर पसरलेली. घरे शोधणे, करार करणे, सामान लावणे, तपासणे आणि वेळ आली की रिकामी करून देणे हे एका जोडप्याकडे असते.

करारात बहुतेक ठिकाणी एक महिना आगाऊ भाडे आणि दोन महिने अनामत मागतात. बरेच घरमालक वर्षभराचे पुढच्या तारखांचे धनादेश एकदम घेतात. इथे एक खाच आहे. मिशन अध्यक्ष साधारणपणे १ जुलैला बदलतात. धनादेशांवर त्यांची सही असेल तर जुलैनंतरचे सगळे धनादेश परत घेऊन नवे द्यावे लागतात, आणि मालक दुसऱ्या शहरात असला की त्यात आठवडे जातात. म्हणून अनुभवी जोडपी मे महिन्यातच यादी काढून बसतात.

घर पसंत करताना काय बघायचे:

पहिली गोष्ट खिडक्यांचे गज. चोरांच्या भीतीने तिकडे जवळजवळ प्रत्येक खिडकीला लोखंडी जाळी असते. आग लागली तर दारावाचून दुसरी वाट हवी, म्हणून निदान एका खोलीची जाळी आतून उघडणारी पाहिजे. नसेल तर कडी-बिजागरी बसवून घेतल्याशिवाय करार करू नये. त्या जाळीला कुलूप असेल तर किल्ली जाळीशेजारीच खिळ्याला टांगायची, कपाटात नाही.

दुसरी, पुराची खूण. भिंतीचा खालचा दोन-तीन फूट रंग वेगळा दिसला किंवा ताजा असला, तर शेजाऱ्यांना विचारावे. मालक सांगत नाही, शेजारी सांगतात.

तिसरी, पाण्याचा दाब सायंकाळी सहाच्या सुमारास बघावा. सकाळी दहाला नळ सगळीकडे जोरात असतो.

तपासणीच्या दिवशी दोघे कामे वाटून घेतात. एक जण गॅसची नळी, रेग्युलेटर, धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे सूचक यंत्र, अग्निशामक, कुलपे पाहतो. दुसरी व्यक्ती शीतकपाट, गाद्या, मच्छरदाण्या, पाण्याच्या फिल्टरची कांडी, औषधपेटी. पलंगाखाली वाकून बघणे महत्त्वाचे, कारण बुरशी तिथून सुरू होते. भिंतीला चिकटवलेली गादी आठ इंच पुढे ओढली की बरेचदा प्रश्न मिटतो. सूचक यंत्रातली बॅटरी काढून टॉर्चमध्ये घातलेली तर हमखास सापडते. त्यावर रागावण्यात अर्थ नाही. गाडीत जास्तीच्या बॅटऱ्या ठेवायच्या आणि तिथल्या तिथे बसवायच्या.

दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. त्या आठवड्यात हे जोडपे खाटा मोजत असते. कोणी मुदत संपून घरी गेले आणि जोडीचे त्रिकूट झाले, की दोन खाटांच्या घरात तिसरी गादी, तिसरी मच्छरदाणी आणि तिसरी किल्ली लागते. किल्लीच बहुधा विसरते.

काजवा

रांजण यांनी तरुणांच्या घरांचे लिहिले. जोडप्याच्या स्वतःच्या घराचे पहिले पंधरा दिवस त्याहून महत्त्वाचे असतात. ते बिघडले तर पुढचे काम होत नाही.

वीज. फिलिपिन्समध्ये २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. पण सॉकेट अमेरिकेसारखेच, दोन चपट्या पट्ट्यांचे. त्यामुळे युटाहून आणलेला ११० व्होल्टचा मिक्सर किंवा केस वाळवायचे यंत्र अगदी सहज आत जाते आणि पहिल्याच वेळी जळते. भारतातून गेलेल्याचा प्लग मुळात बसतच नाही, म्हणून तो थांबून विचार तरी करतो. मागच्या पट्टीवर '१००–२४०' छापले असेल तरच लावायचे. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर बहुतेक असतात. उष्णता देणारी यंत्रे बहुतेक नसतात. ती आणूच नयेत, तिथेच विकत घ्यावीत. अमेरिकन लॅपटॉपच्या वायरीला तिसरी, गोल खुंटी असते आणि तिकडच्या सॉकेटला ते भोक नसते. लोक ती खुंटी मोडतात. मोडू नका, अर्थिंग जाते.

गॅस. घरगुती टाकी ११ किलोची. तोंडाचे दोन प्रकार आहेत, आटे फिरवून बसणारे आणि दाबून खटकन बसणारे. एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला लागत नाही. जुनी टाकी कोणत्या प्रकारची आहे हे फोटो काढून ठेवले की बदलून घेताना चूक होत नाही. जोडल्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का बघणे आपल्याकडचेच.

पाणी. पिण्याचे पाणी दुकानातून पाच गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या जारमध्ये घरपोच येते. भरलेला जार उचलून यंत्रावर उलटा करणे हे सत्तरीच्या पाठीचे काम नाही. तळाशी तोटी असलेला चपटा जार मिळतो, तो घ्यावा आणि आणणाऱ्या मुलाकडूनच ओट्यावर ठेवून घ्यावा. दात घासायलाही तेच पाणी.

न्हाणीघर. बादली आणि 'ताबो', म्हणजे मोठा कानाचा मग. आपल्याला नवल नाही, पण आयुष्यभर शॉवरखाली उभ्या राहिलेल्या माणसाला हे शिकायला आठवडा जातो. पाणी जाते म्हणून पिंप भरून ठेवतात. पिंपाला घट्ट झाकण हवे आणि आठवड्याला ते रिकामे करून आतून घासायला हवे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

दूरगाव

दिवसाचा क्रम कोणी सांगेल का? म्हणजे सकाळी उठल्यापासून.

सुरंगी

शाखा-मदत करणाऱ्या जोडप्याचा साधारण क्रम असा.

पाच-साडेपाचला उठणे, कारण चालायला जायचे तर ऊन चढण्याआधीच. चालायला शाळेचे मैदान किंवा चर्चचे आवार बरे. पदपथ उखडलेले, मध्येच गटाराचे झाकण गायब. या वयात पडणे हा डासांपेक्षा मोठा धोका आहे. पुढे शास्त्रवाचन, प्रार्थना, न्याहारी. साडेआठच्या सुमारास बाहेर.

दुपारपर्यंत शाखेच्या लिपिकासोबत बसणे. सदस्यांची नोंदवही, देणग्यांचा हिशेब, कोण गाव सोडून गेले. सगळे संगणकावर आहे, पण लिपिक दिवसा नोकरी करतो आणि इंटरनेट संध्याकाळी मंद होते. चांगले जोडपे स्वतः नोंदी भरत नाही. लिपिकाच्या शेजारी बसून त्याच्याकडून भरून घेते. स्वतः भरल्या तर जोडपे परतल्यावर महिन्याभरात सगळे पूर्ववत होते. माझ्या मते या कामातली सर्वांत मोठी चूक हीच.

बारा ते तीन घरी. झोप, पंखा, अमेरिकेला पत्रे. चारनंतर घरभेटी, कारण तेव्हा माणसे घरी सापडतात. पियानो येत असेल तर संध्याकाळी मुलांना शिकवणे. लहान शाखांत भजनाला साथ करणारे कोणी नसते, म्हणून छोट्या कीबोर्डवर सोप्या केलेल्या चालींनी सुरुवात करतात. सहा-आठ महिन्यांत एखादे मूल रविवारी तीन भजने वाजवू लागते. या कामाचे फळ जोडपे गेल्यावरही गावात राहते, म्हणून याला मी फार मान देते.

रविवारची सभा २०१९ पासून तीनऐवजी दोन तासांची झाली, ज्येष्ठांना ते सोयीचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो, लागोपाठ दोन जेवणे सोडून, पाणीही न घेता, आपल्या निर्जळीसारखा. मधुमेह असेल किंवा गोळ्या चालू असतील तर तो करावा अशी सक्ती नाही. मार्च ते मेच्या उकाड्यात तर पाणी सोडूच नये.

सोमवार हा सुटीचा, बाजाराचा, कपडे धुण्याचा आणि नातवंडांशी बोलण्याचा दिवस. मनिला युटाच्या हिवाळ्यात १५ तास पुढे, उन्हाळ्यात १४. मनिलात सोमवारी सकाळी सात वाजता तिकडे रविवारी दुपारचे चार किंवा पाच. नातवंडे चर्चहून परतलेली, जेवलेली. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे घड्याळ बदलते, त्या आठवड्यात अर्ध्या घरांचे फोन चुकतात.

निशिगंध

खाण्याचे हाल होत असतील ना? चहा-कॉफी पण वर्ज्य.

काजवा

हाल नाहीत. भात, मासे, कोंबडी, भाज्या सगळे ताजे मिळते. ओल्या बाजारात (ताज्या मासळी-भाजीच्या मंडईत) सकाळी सहा-सातला जायचे, दहानंतर मासे घ्यायचे नाहीत. 'मलुंगगाय' म्हणजे आपला शेवगा. तिकडे त्याचा पाला कोंबडीच्या रश्शात घालतात. 'कालामान्सी' हे बोराएवढे लिंबू. चीज आणि लोणी मात्र महाग.

चहा, कॉफी, दारू, तंबाखू हे चौघेही १८३३ पासूनच्या नियमाने बंद. कोणाच्या घरी गेले की कॉफी पुढे येतेच. 'सालाबात' म्हणजे आल्याचा काढा चालतो. तो मागितला की यजमानांनाही वाईट वाटत नाही. तरुण मंडळी हात पुढे करून 'मानो पो' म्हणतात. तेव्हा उजवा हात सैल सोडायचा, ती तो कपाळाला लावतात. हस्तांदोलन समजून घट्ट धरला तर पंचाईत. आपल्याकडच्या वाकून नमस्काराच्या जागी हे आहे.

दीपमाळ

पैसा आणि तब्येत.

तरुणांसाठी महिन्याला भरायची ठरावीक रक्कम असते (२०२० पासून ५०० डॉलर), मग ठिकाण कोणतेही असो. ज्येष्ठांना ती पद्धत नाही. ते आपले खरे भाडे, जेवण, वीज, प्रवास स्वतः भरतात. महागड्या शहरात जायला लोक कचरत, म्हणून २०११ मध्ये भाड्याला दरमहा १,४०० डॉलरची कमाल मर्यादा ठरवली गेली. त्यावरची रक्कम चर्च उचलते. फिलिपिन्समध्ये बहुतेक गावांत भाडे मर्यादेच्या बरेच खाली राहते. खरा खर्च मागे राहिलेल्या घराचा: मालमत्ता कर, विमा, गोठून फुटणारे नळ. घर रिकामे ठेवायचे तर मुख्य पाणीपुरवठा बंद करून पाइप निथळवून जावे.

मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, अमेरिकेबाहेर जवळजवळ काहीच भरत नाही, म्हणून परदेशासाठी वेगळा विमा घ्यावाच लागतो. मग काही जण पैसे वाचवायला मेडिकेअरचा 'बी' भाग (डॉक्टरांच्या खर्चाचा) बंद करतात. नंतर परत घेताना प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, तोही कायमचा. करमुक्त संस्थेसाठी निदान १२ महिने परदेशात स्वयंसेवा केलेल्यांना, आणि त्या काळात आरोग्य विमा असलेल्यांना, दंडाविना परत नोंदणीची खास मुदत मिळते, ती सहा महिन्यांची. सहा महिन्यांचे मिशन यात बसत नाही. निघण्याआधी अमेरिकेच्या समाजसुरक्षा (सोशल सिक्युरिटी) कार्यालयाशी बोलून, मग निर्णय घ्यावा.

बँकेचा ओटीपी हा दुसरा गळफास. अमेरिकन सिम बंद केले की खाते उघडत नाही. नंबर इंटरनेट फोनवर हलवला तर काही बँका त्यावर संदेशच पाठवत नाहीत. निघण्याच्या दोन महिने आधी नंबर हलवून, प्रत्येक बँकेत एकदा आत शिरून बघावे. मुलांपैकी एकाला मुखत्यारपत्र द्यावे.

औषधे शक्य तितकी सोबत न्यावीत, मूळ डब्यांत, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. टपालाने मागवलेली औषधे सीमाशुल्कात अडकतात. गोळ्यांची यादी मूळ रासायनिक नावांनी करावी. अमेरिकन व्यापारी नाव तिकडच्या औषधवाल्याला कळेलच असे नाही, आणि ॲसिटामिनोफेनला तिकडे आपल्यासारखेच पॅरासिटामॉल म्हणतात. ताप आला तर डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी रोज छोटी ॲस्पिरिन घेणाऱ्याने तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरला विचारावे. ज्येष्ठ नागरिकांना औषधांवर २० टक्के सूट असते, पण ती फिलिपिनो नागरिकांनाच.

झोपेत श्वासाचे यंत्र लावणाऱ्यांनी बॅटरी न्यावीच. वीज रात्री जाते.

तिठा

व्हिसाचे राहिले. मिशनरी कामासाठी ९(जी) प्रकारचा व्हिसा लागतो, त्यासोबत परकीय नागरिकाचे ओळखपत्र. कागदांत विवाहाचा दाखला महत्त्वाचा, अपोस्टिल केलेला (म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी प्रमाणन केलेला). फिलिपिन्समध्ये अपोस्टिल २०१९ पासून चालते. पत्नीचे पासपोर्टवरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी काम थांबते. दरवर्षी पहिल्या ६० दिवसांत इमिग्रेशन कचेरीत वार्षिक हजेरी द्यावी लागते. जानेवारीतच उरकावी.

गाडी चालवायची असेल तर परदेशी परवाना ९० दिवस चालतो. त्याआधी स्थानिक करून घ्यायचा. रस्त्याची बाजू अमेरिकेसारखीच उजवी, पण ट्रायसिकल (मोटारसायकलला जोडलेल्या तीनचाकी रिक्षा) कुठूनही येतात, आणि रात्री बिनदिव्याच्या. रात्रीचे चालवणे शक्यतो टाळावे.

दूरगाव

दीड वर्ष चोवीस तास एकत्र. निवृत्त नवरा-बायकोला हे जड जात नाही?

सुरंगी

जाते, पहिल्या दोन-तीन महिन्यांत विशेष. घरी एकाची बाग, दुसऱ्याची मैत्रिणींची मंडळी असते. इथे दोन्ही नाही. टिकणारी जोडपी दोन गोष्टी करतात. कामे स्पष्ट वाटून घेतात (एक गाडी चालवतो, दुसरी नकाशा आणि वेळ बघते, आणि भूमिका मध्येच बदलत नाहीत) आणि रोज अर्धा तास वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. कचेरीत दोघांची टेबले समोरासमोर नकोत. नातवंडाचा जन्म किंवा आईवडिलांचे आजारपण अशा प्रसंगी परवानगी घेऊन, स्वखर्चाने थोडे दिवस घरी जाता येते.

निशिगंध

अशी जोडपी आपल्याकडे येतात का?

तिठा

येतात, पण थोडी. भारतात परदेशी मिशनऱ्याला वेगळा मिशनरी व्हिसा लागतो; पर्यटक व्हिसावर ते काम करता येत नाही. बंगळुरू मिशन १९९३ चे, नवी दिल्लीचे २००७ चे. महाराष्ट्राचा संबंध मात्र खूप जुना आहे. ह्यू फिंडले हा मिशनरी १८५२ मध्ये मुंबईला उतरला आणि पुण्याच्या छावणीतही त्याने काम केले. तो प्रयत्न काही वर्षांत संपला.

गावकूस

सगळ्यांचे आभार. एकच राहिले: वादळ.

रांजण

जून ते नोव्हेंबर मुख्य हंगाम. हवामान खाते १ ते ५ क्रमांकांचे इशारे देते. घरांचे जोडपे हंगामाआधी प्रत्येक घरात तीन दिवसांचे पाणी, न शिजवता खाता येणारे अन्न, टॉर्च आणि चार्ज केलेली पॉवर बँक आहे का बघते. इशारा येताच सगळ्यांना एकच संदेश जातो: कुठे आहात, किती जण, पाणी किती. उत्तर आले नाही त्या घराच्या नावापुढे खूण करून तासाभराने फोन, मग घरमालकाला फोन, मग शाखा अध्यक्षाला. म्हणून घरमालक आणि शाखा अध्यक्ष यांचे नंबर कागदावर लिहून भिंतीला हवेत. मोबाइलचे मनोरे पडले की संगणकातली यादी उघडत नाही, आणि कोणाच्या तरी फोनमध्ये थोडी बॅटरी उरलेली असते.

परतणाऱ्या जोडप्याने तोच कागद नव्या जोडप्याच्या हाती, घरोघर एक फेरी मारून द्यावा. फेरीला चार-पाच दिवस लागतात. तेवढे दिवस दोन्ही जोडपी एकत्र मिळतील असे तिकीट काढायला लावा.